दोन वाफे माझे, तीन तिचे

उन्हाळ्यात आम्हाला एक आराम असतो. साऱ्या गावाची पोरं घरी असतात, त्यामुळे आमची पाच उठून दिसत नाहीत. एरवी मुरबाडच्या एसटीत कंडक्टर हटकून विचारतो, "काय रे, आज शाळेला सुट्टी?" आणि आमचं पाच वर्षांचं शेंडेफळ छाती काढून सांगतं, "आमाला सुट्टी नसतेच!" खरंच नसते. आमची पाचही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. त्यांची आई भाषा आणि गणित शिकवते. उरलेलं सगळं मी शिकवतो, म्हणजे मी बोलतो आणि ती नंतर दुरुस्त करते.

उन्हात अंगणात तांदळाच्या पापड्या वाळत घातल्या की राखणीला बसणाऱ्याने पाढे म्हणत कावळे हाकायचे, हा आमचा नियम. आमचे कावळे सतराच्या पाढ्यापर्यंत आलेत. एकदा मी मुलांकडून पाण्याच्या टाकीचं घनफळ काढून घेतलं. उत्तर बरोबर आलं, आणि त्या आनंदात मी मोटार बंद करायला विसरलो. घनफळ सगळ्या अंगणाला समजलं.

तर या शाळेवर नाराज असलेला पहिला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. दादा शहापूरला आयुष्यभर मास्तर होता. आता निवृत्त होऊन आमच्या शेजारच्याच घरात राहतो. आमची शेती एकत्र, भात एकत्र, आणि भाताची रोपं ज्या जमिनीत वाढतात ती राबाची जागाही एकच. उन्हाळ्यात त्या जागेवर शेण, झाडांच्या बारीक फांद्यांचा टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक मातीचं पांघरूण घालायचं आणि सगळं सावकाश भाजून काढायचं. जमीन नीट भाजली तर तणाचं बी मरतं आणि रोप जोमाने येतं. नाही भाजली तर भाताआधी गवत वर येतं आणि ते उपटायला वाकून वाकून घरातल्या बायकांची कंबर जाते. इतकी वर्षं हे काम दादाच करायचा. या वर्षी त्याचा गुडघा धरला.

ओटीवर पाय लांब करून तो म्हणाला, "राब कोण भाजणार? तू?"

"मी आणि माझी शाळा," मी म्हणालो.

"तुझी शाळा!" तो हसला. "पाच पोरं घरात कोंडलीस, त्यांना काय येतंय ते तरी कळू दे. राब नीट भाजला तर मी परत बोलणार नाय. नाय भाजला तर जूनला पाचही जणांची नावं शाळेत. आहे कबूल?"

"कबूल!"

माझ्या तोंडाची ही जुनी खोड आहे, ते माझ्या आधी पोचतं. आत पोळ्या लाटणारी बायको बाहेर आली. "अहो, पैज लावायच्या आधी राब भाजतात कसा ते तरी माहीत आहे का?"

"शेतकऱ्याचा मुलगा आहे मी."

"मुलगा आहात ते माहीत आहे. शेतकरी कधी होतात?"

तिचं खरंच होतं. बारा वर्षं मी कल्याणला नोकरी केली. राबाच्या दिवसांत मी नेमका पास काढून ऑफिसात असायचो. पण हे मुलांना कशाला सांगायचं? मी भिंतीवर कागद चिकटवला, "प्रकल्प : राब". पाच मुलांचे पाच वाफे आखले. थोरलीने दोरी धरून माप काढलं, दोघा मुलांनी शेण आणि टहाळ वाहिला, शेंडेफळाने पातेऱ्यावर नाचून तो दाबला. पाचांतली तिसरी, अकरा वर्षांची मुलगी, सकाळीच पाड्यावरच्या, स्वतःचा राब भाजणाऱ्या काकींबरोबर रानात जायची आणि पातेऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन यायची. भाऱ्यात करवंदंही असायची, त्यामुळे तिची वाट सगळेच बघायचे. चार दिवसांत पाचही वाफे थरावर थर देऊन तयार झाले. मी कागदावर तसं लिहिलं. मला त्या मुलांचा एवढा अभिमान वाटत होता की मी दादाला मुद्दाम त्या बाजूने फिरायला नेलं. तो वाफ्यांभोवती एक फेरी मारून परतला. मास्तर लोक पेपर तपासेपर्यंत बोलत नाहीत.

पेटवायचा दिवस आला. मी दुपारी चारची वेळ ठरवली, कारण तासिका चारची होती. वाफ्यांच्या कडेचं गवत काढून ठेवलं होतं, पाण्याच्या बादल्या भरल्या होत्या, तिथवर माझं डोकं चाललं. मी पश्चिमेच्या कडेला उभा राहिलो आणि ज्वलनावर भाषण सुरू केलं.

तिसरी म्हणाली, "बाबा, वारा बघितला का?"

"वाऱ्याचा धडा पुढच्या आठवड्यात आहे."

"पण काकी म्हणतात..."

"काकी शिकवतात तेव्हा काकींचं ऐकायचं, आता मी शिकवतोय."

हे वाक्य मी बोललो. ते लिहितानाही मला माझी लाज वाटते. मुलांना शाळेतून काढलं ते असल्याच वाक्यांपायी. त्यांनी प्रश्न विचारावेत आणि कोणी गप्प बसवू नये म्हणून.

वारा माझ्या पाठीवर होता. मी पहिला वाफा पेटवला. जाळ उठला आणि एसटी सुटल्यासारखा पळाला. गवत भुरभुर जळालं, पातेरा उडाला, आणि मी "बघा, केवढी ऊर्जा!" म्हणेपर्यंत दुसऱ्या टोकाला जाऊन विझलासुद्धा. मला वाटलं, वा, काय झटपट! त्याच उत्साहात दुसराही पेटवला. त्या वेळी मिशीची उजवी बाजू गेली. तिसऱ्या वाफ्याकडे निघालो तेव्हा माझ्या हातातली काडीपेटी कोणीतरी काढून घेतली.

"बाबा, बस," तिसरी म्हणाली. तिने पायाने राख बाजूला केली. खाली शेण तसंच ओलसर होतं, टहाळाच्या फांद्या नुसत्या काळ्या झाल्या होत्या आणि माती थंडगार. "वरचं जळलं. खालचं कच्चंच आहे."

मी बसलो. खरंच मातीवर खाली बसलो. डोळ्यांपुढे पाच दप्तरं दिसायला लागली.

पोरीने मूठभर धूळ उचलली आणि सोडली. धूळ पूर्वेला गेली. "वारा पाठीवर घेतला की जाळ धावतो. समोरून घ्यायचा. मग तो मागे मागे सरकतो आणि जमीन भाजत जातो. आता जोर आहे, थांबू या." ती थांबली, आणि तिच्याबरोबर तिची भावंडंही थांबली. माझ्या तासिकेला ती इतकी शांत कधीच बसत नाहीत. ऊन उतरलं, वारा मंदावला, तेव्हा तिने पूर्वेच्या कडेने तिसरा वाफा लावला, मग चौथा आणि पाचवाही. जाळ दिसेचना, नुसता धूर. विस्तव बोटभर बोटभर पुढे सरकत होता. मध्येच माती फुटून जाळ वर आला की ती भावाला म्हणायची, "तिथं माती टाक रे," आणि तो टाकायचा. मला म्हणाली, "बाबा, तुम्ही बादलीजवळ राहा." मी राहिलो.

सकाळी दादा काठी टेकत आला. काठीचं टोक पहिल्या वाफ्यात खुपसलं. वर गवताची ओली मुळी आली. दुसऱ्यातही तेच. त्याने माझ्या अर्ध्या मिशीकडे पाहिलं आणि पुढे गेला. तिसऱ्यात काठी खुपसली तेव्हा माती भुसभुशीत, तांबूस निघाली, अजून कोमट. चौथ्यात, पाचव्यातही तशीच.

"हे तीन कोणी भाजले?"

'आम्ही सगळ्यांनी' हे शब्द माझ्या जिभेवर तयार होते. तेवढ्याने पैज निम्म्याहून जास्त जिंकता आली असती. पण पाच जोडी डोळे माझ्याकडे बघत होते.

"हिने," मी म्हणालो. "दोन मी. तिने मला थांबवलं होतं, मी ऐकलं नाही."

दादाने तिला जवळ बोलावलं. "कोणी शिकवलं गो तुला?"

"काकींनी. आणि थोडं बाबांनी."

"बाबांनी?"

"त्यांनी दोन वाफे उलटे लावून दाखवले ना. काकी सांगायच्या तेव्हा एवढं नव्हतं कळलं."

दादा हसला नाही. काठी दुसऱ्या हातात घेऊन त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथंच राहिला. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत त्याने किती पोरांच्या डोक्यावर असा हात ठेवला असेल, मला ठाऊक नाही. माझ्या डोक्यावर कधी ठेवलेला आठवत नाही.

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पोरं राहू देत घरीच. जूनला तुझं नाव घालू शाळेत."

पैज अशी सुटली. माझे दोन वाफे पुन्हा भाजायचे होते. त्यासाठी मी तीन दिवस काकींच्या आणि लेकीच्या मागून रानात गेलो, पातेऱ्याचे भारे वाहिले, आणि करवंदं वेचताना दोनदा काट्यात पडलो. दोघींनी माझी जी थट्टा केली ती लिहिण्यासारखी नाही. चौथ्या संध्याकाळी वाफे तयार झाले. मी काडीपेटी मागितली.

"आधी काय करायचं, बाबा?" पोरीने विचारलं.

मी मूठभर धूळ उचलली, सोडली, आणि ती कुठे जाते ते बघत उभा राहिलो. ओटीवर दादा खुर्ची ओढून बसला होता, पेपर तपासायला.