नलूचं अथेन्स

कोलोनला मी चुकीच्या गाडीत बसले. शेजारच्या बाईंनी माझं तिकीट पाहिलं आणि "नाइन, नाइन!" (नाही, नाही!) म्हणत मला पुढच्या स्टेशनावर उतरवलं. बॉनला पोचले तेव्हा नलू तासभर फलाटावर ताटकळत होती.

कॉलेजात ही नलू माझ्या इतिहासाच्या वह्या उतरवून घ्यायची. मी साताऱ्याच्या शाळेत तीस वर्षं अथेन्स शिकवलं, पाठ्यपुस्तकातल्या एका धूसर चित्रावर. ती लेकाकडे जर्मनीत आली आणि आता दर शनिवारी इथल्या एका लहान संग्रहालयात लोकांना अथेन्स समजावते.

दुसऱ्या दिवशी ब्रोटशेन (कडक सालीचे छोटे पाव) आणि तिची लसणीची चटणी खाऊन आम्ही तिथे गेलो. काचेमागे काळे-तांबडे ग्रीक घट होते, खरेखुरे. नलू त्यांच्याकडे स्वतःच्या फडताळातल्या बरण्यांकडे पाहावं तशी पाहत होती. माझ्या पोटात दुखू लागलं.

पंधराएक माणसं जमली. नलू जर्मनमध्ये सांगे, मग माझ्यासाठी दोन वाक्यं मराठीत. टेकडीवर जमून हात वर करून निर्णय घेणारे नागरिक. इराणी स्वारीनंतर रक्षणासाठी अथेन्सशी हातमिळवणी केलेली नगरं. मग त्याच नगरांकडून वसूल केलेली खंडणी, आणि बाहेर पडू पाहणाऱ्यांवर धाडलेली जहाजं.

"बायकांना, गुलामांना मत नव्हतं, तेही सांग की!" मी मध्येच म्हणाले. तिची चूक निघायला हवी होती.

"गेनाऊ!" (अगदी बरोबर!) म्हणत तिनं तेही सांगितलं. लोकांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मला अजूनच राग आला.

शेवटी प्रत्येकाला खापराचा तुकडा मिळाला. डोईजड झालेल्या माणसाला शहराबाहेर घालवण्यासाठी अथेन्सकर त्यावर त्याचं नाव कोरत. मी देवनागरीत कोरलं, 'नलू'. इथे कोण वाचणार?

तुकडे वाचून दाखवायला नलूच उभी राहिली. माझ्या तुकड्यापाशी ती थांबली. काहीतरी पुटपुटून तिनं तो बाजूला ठेवला.

बाहेर ऱ्हाइनकाठी मी विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"अक्षर लागत नाही म्हटलं." थोडं चालून ती म्हणाली, "का गं?"

"अभ्यास माझा होता, नलू. हे सगळं मला मिळायला हवं होतं."

"नात जर्मनमध्येच उत्तरं द्यायची. तिच्याशी बोलता यावं म्हणून भाषा शिकले. तिला आता आजीशी बोलायला वेळ नाही. मग शनिवारी इथे येते." तिनं माझा हात धरला. "चल, भूक लागली असेल तुला."

साताऱ्यात सगळे जर्मनीबद्दल विचारतात. मी घटांचं वर्णन करते. पण नलूनं परक्या लोकांसमोर माझी अब्रू झाकली, आणि तिच्या त्या मोठेपणाचाही मला हेवा वाटतो, हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.