मिलिंदचा शेवटचा डाव माझ्याशीच होता

आज सकाळी मिलिंद गेला, आणि मला अजून राग येतोय तो त्याच्या मोबाईलचा.

हसू नका. सांगतो.

बिरवाडीत आमची दोघांची एक खोली होती. मी उमरठचा. तो महाडचाच, चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतला. पण घरात भावंडं फार, म्हणून तोही खोलीवर.

एमआयडीसीत आमच्या शिफ्ट उलट्या. तो आला की मी निघायचो. रूम पार्टनर असून भेट व्हायची ती दारात.

म्हणून खिडकीत बुद्धिबळाचा पट मांडून ठेवला होता. ज्याने कामावर निघायचं, त्याने जाताना एक चाल करायची. बस्स.

एकेक डाव महिना महिना चालायचा. मी अख्खी शिफ्ट त्याच्या घोड्याचा विचार करत काढायचो. सुपरवायझरच्या किती शिव्या खाल्ल्या त्या घोड्यापायी.

मिलिंद भारीच खेळायचा. तालुक्यात त्याला तोड नव्हती. जिल्ह्याच्या स्पर्धेतून कप घेऊन यायचा.

मी कधीमधी जिंकलो की मात्र तोंड फुगवून बसायचा. ते फुगलेलं तोंड मला कुठल्याही कपापेक्षा प्यारं होतं.

पुढे लग्नं झाली, तो महाडला घरी राहायला गेला. तरी रविवार माझा होता.

मग त्याच्या मोबाईलमध्ये ते चेस इंजिन आलं.

"आज जगातल्या सगळ्यात भारी प्लेअरशी खेळलो," मला म्हणाला. "धुतला मला."

"मग एवढा खुश कशाला?"

"अरे, वर्ल्ड चॅम्पियन पण टिकत नाय याच्यापुढे. मोठे मोठे प्लेअर आता याला हरवायचं बघतच नायत, याच्याकडून शिकतात. मी त्याला एक घोडा कमी देऊन खेळलो. तरी हरलो रे."

काय चमकत होते त्याचे डोळे. मला हरवून कधी असे चमकले नव्हते.

माझ्याशी हरला की अबोला धरणारा हा माणूस, त्या इंजिनशी रोज हरायचा आणि वर कौतुकाने घरभर दाखवत फिरायचा.

सुनंदावहिनी म्हणायच्या, "भावजी, मला सवत आलीय."

वहिनी, तुम्हाला कसली? मला आलीय, असं मी मनात म्हणायचो.

रविवारी गेलो की समोर पट आणि मांडीवर मोबाईल. मी चाल केली की म्हणायचा, "इथे इंजिन काय खेळलं असतं, माहितीये?"

मला काय करायचंय ते काय खेळलं असतं? समोर मी बसलोय ना.

जळायचो मी. सरळ सांगतो, जळायचो. माणसाशी टक्कर घेता येते. ज्याला झोप नाही, शिफ्ट नाही, घरी सासू-सुनेची भांडणं नाहीत, त्याच्याशी काय टक्कर घेणार?

हळूहळू माझे रविवार कमी झाले.

गेल्या वर्षी तो आजारी पडला. बघायला गेलो, तर कॉटच्या बाजूला पट मांडलेला.

"खोलीवरच्यासारखं खेळू," म्हणाला. "एका भेटीला तुझी एक चाल, माझी एक. बाकीचं पुढच्या वेळी."

"तुझा मोबाईल लगेच उत्तर देतो की." टोमणा मारल्याशिवाय मला राहवेना.

"तो कधी पण मिळतो रे. तू कुठे मिळतोस? चाल बाकी ठेवली तर येशील तरी."

मग जायला लागलो. दर रविवारी. चाल व्हायची चुटकीसरशी, आणि मग चहा, कंपनीच्या चहाड्या, जुन्या खोलीमालकाच्या नकला.

मागच्या रविवारी मी त्याचा हत्ती मारला. चक्क फुकटात.

त्याने पट निरखला. मग म्हणाला, "याचं उत्तर पुढच्या वेळी."

झालं, मला वाटलं. आता मी गेलो की हा मोबाईल काढणार. दारातून वळून म्हटलंच, "विचार त्याला. वाचवेल तुला."

मिलिंद चिडला. आवाज राहिला नव्हता, तरी चिडला.

"या डावातलं त्याला काय पण सांगितलेलं नाय मी. सांगणार पण नाय. आपल्या दोघांत तो कशाला?"

मी निघालो. बिरवाडीपर्यंत एसटीत एकटाच हसत होतो.

आज स्मशानातून परत त्याच्या घरी आलो. पट तसाच होता. चाल त्याची होती.

त्याची लेक अस्मिता शेजारी येऊन बसली. रडून रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "काका, फोटो काढून इंजिनला टाकू? पप्पा वाचले असते का ते तरी कळेल."

"नको गो," म्हटलं. "तुझ्या पप्पाला नाय आवडायचं."

वहिनी भिंतीला टेकून बघत होत्या. "भावजी, मग डावाचं काय?"

"बरोबरीत सुटला, वहिनी."

सोंगट्या मी माझ्या हाताने गोळा केल्या.

मिलिंद, अख्ख्या हत्तीने पुढे होतो मी. जिंकत आलेला डाव सोडला.

तुझ्या त्या मोबाईलने सोडला असता का, सांग.

जय भीम, मित्रा.