नदीचा वाटा

आर्वीच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या ट्रंकेवर डांगरांचं पोतं ठेवलं, तेव्हा कंडक्टर हसून म्हणाला, "काय हो काका, पोरगं चाललं का वाडी चालली?"

"वाडीनंच शिकवलं त्याले," बाबा म्हणाले. "मंग तिले सोडून कसा जाईन?"

आई खिडकीशी उभी होती. "पोहोचला का पत्र टाकजो," एवढंच म्हणाली. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. आयटीआय करून मी सह्याद्रीतल्या एका वीजघरात नोकरीला निघालो होतो. तिथे पाण्यावर वीज होते हे कळल्यावर बाबा खूश झाले. "म्हंजे पान्याच्याच जिवावर खाशीन. आपल्याच धंद्यात राह्यला म्हन."

आमचा धंदा डांगरवाडीचा; आमच्याकडे खरबुजाला डांगर म्हणतात. दिवाळीनंतर नदी उतरली की वाळू उघडी पडायची. तिच्यात नाल्या खोदून खत भरायचं आणि डांगर, काकडी, टरबुजाचं बी टाकायचं. ओल खालीच असे. पावसाळ्यातला पूर दरवर्षी नवा गाळ आणून टाकी, त्यामुळे ही जमीन कधी थकली नाही. वाळूची वाटणी गाव बसून करी. पण पाण्याकडची चार हात पट्टी कोणीच पेरत नसे. तो नदीचा वाटा. नदी हलली, फुगली, तर तेवढ्यात हलावी. तिथे कासवं अंडी घालत, टिटवी बसे. एखाद्याने चुकून तिथे नाली खोदली तर म्हातारे टोमणा मारत, "नदीच्या ताटात कायले हात घालतं रे?"

बाबांचा नदीवर विश्वास होता आणि त्या विश्वासाला नियम होते. पूर यायचा तर आधी पाणी गढूळ होतं, फेस आणि पालापाचोळा येतो, मग तास-दोन तास हाताशी असतात. "निवळ पान्याले पूर नसते," असं ते म्हणत. त्यांच्या वडिलांनीही हेच सांगितलं होतं, आणि तोवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं.

मी गेल्यावर काही वर्षांनी नदीवर, गावाच्या बरंच वर, धरण झालं. पायथ्याशी छोटं वीजघर बसलं. त्यानंतरच्या पहिल्याच चैत्रात, डांगरं पिकायला आलेली असताना, एका दुपारी पाणी चढू लागलं. थंडगार आणि काचेसारखं निवळ. बाबा आणि शेजारचे किसनमामा वाडीतच होते. पाणी घोट्याला लागलं तरी मामा थट्टा करत होते, "वरच्यानं म्हशी धुऊन पानी सोडलं असन." दोघंही पाणी गढूळ व्हायची वाट पाहत राहिले. ते गढूळ झालंच नाही. ते कंबरेपर्यंत आलं तेव्हा दोघं काठावर चढले. मागे वेली, झोपडी, फळं, सगळं निवळ पाण्यातून तळापर्यंत दिसत वाहून गेलं.

बाबा धरणाच्या कचेरीत विचारायला गेले. तिथे सांगितलं, पाणी सोडण्याची नोटीस फळ्यावर लावली होती. बाबा म्हणाले, "फळा वाचाले नदी आल्ती काय इथं?"

पुढच्या वर्षीही त्यांनी पेरलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी पेरायला वाळूच उरली नाही. गाळ धरणात अडकला आणि खाली येणारं पाणी होती तीही वाळू खरवडून घेऊन गेलं. सुट्टीत गेलो तेव्हा खडक दिसत होते. संध्याकाळी पाणी चढे, सकाळी उतरे. रात्री दगडावर चिकटलेली माशांची अंडी दुपारपर्यंत वाळून जात. वाम मासळी दिसेनाशी झाली. पावसाळ्यात मात्र धरण भरेपर्यंत नदी कोरडीच.

संध्याकाळीच का, हे मला माहीत होतं. शहरात दिवे लागतात तेव्हा विजेची मागणी चढते, फोन येतो, आणि आम्ही पाणी सोडून यंत्र चालू करतो. मी ते बाबांना समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले.

"म्हंजे तूच सोडतं काय पानी?"

"तिथलं, बाबा. इथलं नाई."

"तिथंबी खाली कोनाची तरी वाडी असनच ना."

आमच्याकडे भोंगा वाजतो, मी म्हणालो. ते खरं होतं. भोंगा वाजला की माणसं पळतात. वेली पळत नाहीत, अंडीही नाहीत, एवढं मला त्यांनी सांगायची गरज नव्हती.

मी आकड्यांत रमणारा माणूस आहे. आमच्या रोजच्या नियोजनात विजेचं पाणी असतं, सिंचनाचं असतं, बाष्पीभवनाने उडून जाणारंसुद्धा असतं. नदीचं नसतं. शाळा न पाहिलेल्या गावाने जो वाटा काढून ठेवला होता, तो इतक्या शिकलेल्या माणसांच्या हिशेबातून गळला, आणि त्या माणसांत मीही पगार घेऊन बसलो आहे.

आता आई-बाबा पिपरी मेघे या गावी धाकट्या भावाकडे राहतात. नळ आहे, वीज आहे. बाबा बाजारात डांगर उचलतात, हुंगतात, परत ठेवतात. गावात राहिलेले म्हणतात, तू सुटलास. बाहेर गेलेले विचारतात, घर कुठलं. मी गावाचं नाव सांगतो. पण घर म्हणून डोळ्यांसमोर येते ती चार हात पट्टी, जी आम्ही कधी पेरलीच नव्हती.

यंदा एकटाच नदीवर जाऊन आलो. परतल्यावर बाबांनी विचारलं, "पानी कसं होतं रे?"

"निवळ," मी म्हणालो.

"म्हंजे गाळ अजून वरतंच अडकला हाये," बाबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.