बायनाबाईचा भारा

वालूरपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मी बारा वर्षं मास्तरकी केली. त्या काळात मला खरी हुशार माणसं दोनच भेटली. त्यातली एक बायनाबाई. दुसऱ्याचं नाव सांगत नाही, उगाच आत्मस्तुती नको.

बुद्धवाड्यातली ही बाई व्यंकटरावांच्या शेतात निंदायला जायची. दिवसभर केना, घोळ, लव्हाळा उपटायचा आणि संध्याकाळी त्याचाच भारा डोक्यावर घेऊन घरी यायचं. उपटलेलं तण निंदणाऱ्या बाईचं, हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. त्या भाऱ्यावर तिची एक शेळी जगायची आणि शेळीच्या दुधावर आई गेलेली तिची नात.

बहात्तरच्या दुष्काळात गावानं तलाव खोदला. खोदणाऱ्यांत बायनाबाई होती. चार वर्षांनी तो मासे पाळायला मिळाला मात्र व्यंकटरावांना, त्यात नवल काही नाही. परभणीहून आलेल्या साहेबांनी माशांचं बीज सोडलं, यातले काही मासे गवतावर वाढतात तेव्हा गवत टाका, असं सांगितलं आणि ते जीपमध्ये बसले. व्यंकटरावांच्या लेखी जनावराला घालायचं उत्तम गवत एकच, ज्वारीचा कडबा. त्यांनी शाळूचा पांढराशुभ्र कडबा बारीक कापून तलावात टाकला. तो महिनाभर तरंगत राहिला. मासे उपाशी, आणि मालक म्हणत, माजलेत.

एका संध्याकाळी बायनाबाई मुळांचा चिखल धुवायला भारा घेऊन पाण्यात उतरली, तर मासे भाऱ्यालाच झोंबले. नेमके व्यंकटराव तलावाच्या पाळीवर उभे होते. दुसऱ्या दिवशी हुकूम सुटला की शेतातलं तण मालकाचं, एक काडी घरी न्यायची नाही, सगळं तलावात टाकायचं. आठ दिवसांत शेळी आटली. नात रडायची आणि बायनाबाई तिला साखरेचं पाणी पाजायची. मला त्या माणसाचा तेव्हा जो संताप आला, तो आजही उतरलेला नाही. मी अर्थात काही बोललो नाही, कारण मी राहत होतो त्यांच्याच माडीवर.

बायनाबाई बोलली. नवव्या दिवशी ती शेतात गेली आणि बाकीच्या बायांना घेऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहिली. व्यंकटराव तावातावानं आले, तशी ती शांतपणे म्हणाली, “कालपस्तोर ते तण व्हतं मालक, मनून उपटलं. आता ते तुमचं पीक हाय. मालकाचं उभं पीक उपटायची आमची छाती न्हाई.”

पावसाच्या झडीनंतरचं ऊन पडलेलं. तीन दिवसांत तण हायब्रीड ज्वारीच्या वर निघालं. चौथ्या दिवशी निरोप आला, बायांचा भारा बायांना, उरलेलं माशांना.

पुढच्या साली मासे हातभर झाले. चावडीसमोर सत्काराचा मंडप उभा राहिला. साहेबांनी व्यंकटरावांना शाल घातली आणि वही काढून विचारलं, मासे नेमकं कोणतं तण आवडीनं खातात? व्यंकटरावांनी जन्मात तण हातात धरलं नव्हतं. ते शाल सावरत राहिले. शेवटी मागं बसलेल्या बायनाबाईकडे वळून म्हणाले, “बायना, सांग की साहेबाला, आपण काय घालतो ते.”

नातीला कडेवर घेऊन बायनाबाई उठली.

“पांढरा कडबा घालत्यात मालक,” ती म्हणाली. “लय बारीक कापून.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. व्यंकटरावांना मान हलवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.