चार किलोमीटरचा दोरा

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. सातवीतून शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच येतात. पण गावापासून सरकारी दवाखाना किती लांब, हे मोजायच्या कामावर मी नागपूर जिल्ह्यात दोन वर्षं होतो. तेव्हाचे किस्से इतके साठलेत, की कुठंही बसलो तरी एखादा तोंडाशी येतोच.

मोजायचं सायकलीनं. चाकाला चिंधी बांधायची आणि फेरे मोजत जायचं. पण वाटेत कुणी रामराम घातला, की मी उत्तर देई आणि आकडा जाई! पुन्हा गावापासून सुरुवात. तिसऱ्या खेपेला एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काहून गा, काही हरवलं काय?" मी अडचण सांगितली. तो काठी घेऊन माझ्या पुढं चालू लागला आणि वाटेतले सगळे रामराम त्यानंच घेतले.

एका गावात दवाखाना समोरच होता. मी अंतर लिहिलं, शून्य. ओट्यावरचा माणूस म्हणाला, "डॉक्टर नागपुरात राहते. तिथून मोज नं भाऊ."

फॉर्म आमच्या ऑफिसातले कारकून वानखेडे भरत. दवाखान्यात पोचायला वेळ किती, असा एक रकाना होता. पिंपळडोहच्या यमुनाबाईंनी उलट त्यांनाच विचारलं, "बिमार कोन हाये ते सांगा. सासू असन तं गाडी जुपते. मी असन तं पायी." वानखेड्यांनी रकाना कोराच ठेवला.

यमुनाबाईंना तेव्हा सातवा महिना होता. पहिलं बाळ दवाखान्याच्या वाटेवरच गेलेलं. गावात नर्सबाईंचं उपकेंद्र मिळेल का, एवढंच त्यांनी मला विचारलं. नियम असा, की दवाखाना पाच किलोमीटरच्या आत असला तर उपकेंद्र नाही.

ऑफिसात साहेबांनी नकाशावर पिंपळडोहपासून दवाखान्यापर्यंत सरळ दोरा ताणला, तेवढाच कापला आणि पट्टीवर मोजला. "चार. उपकेंद्राच्या यादीतून काढा."

मी कसाबसा बोललो, की मधे नाला आहे, पुलावरून फिरून जावं लागतं, माझ्या मोजणीत अकरा भरले.

साहेब म्हणाले, "नकाशा सरकारचा आहे. सायकल तुझी आहे."

यादी दुसऱ्या दिवशी टाइप होणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपायाकडून किल्ली घेऊन मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेलो. नकाशा उघडला. तोच चार किलोमीटरचा दोरा पिंपळडोहपासून नाल्याच्या काठाकाठानं टाचण्या टोचत नेला. पुलाच्या अलीकडेच तो संपला. त्याचं टोक तिथंच टाचलं आणि नकाशा साहेबांच्या टेबलावर, खुर्चीकडे तोंड करून, उघडा ठेवला.