शेवाळबाईची चिमूट

दूध कारखान्यात तिला सगळे शेवाळबाई म्हणायचे. चॉकलेटचं दूध बाटलीत घट्ट राहावं, तळाशी गाळ बसू नये, म्हणून त्यात समुद्रातल्या शेवाळापासून केलेली पांढुरकी पावडर पडते. ती पावडर आधी कोरड्या साखरेत कालवून मगच टाकीत सोडायची, नाहीतर गुठळ्या होतात. हे काम तिचं. नवरा गेल्यापासून ती धाकट्या भावाकडे राहत होती आणि चेपलेल्या बाटल्या कामगारांना मिळत, त्या भावासाठी घरी आणत होती.

भावाच्या आतड्याला सूज होती. यंदा दुखणं फारच उसळलं, तेव्हा भावजयीने एक दिवस बाटलीमागची बारीक अक्षरं वाचली आणि बाटली मोरीत ओतली.

"वन्सं, तुमचं ते शेवाळ यांच्या आतड्यांना खातंय."

"जीभ आवर! लाखो माणसं पितात ते. सगळी मेली का?"

"लाखोंचं मला काय करायचंय? माझा नवरा एकच आहे."

भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. शेवाळबाईला तेच जास्त झोंबलं. लहानपणी आईमागे तिनेच त्याला भरवून मोठं केलेलं. त्याने आता आपल्या हातचं खाणं सोडलं, तर या घरात आपण कोण?

दुसऱ्या दिवशी तिने जन्मात केलं नव्हतं ते केलं. कारखान्यातली पावडर पदराच्या टोकाला बांधून चोरून आणली. मनात देवाची माफी मागितली आणि सगळ्यांसमक्ष गॅसवर दूध ठेवलं.

"बघा डोळ्यांनी. यात विष कुठं आहे ते दाखवा."

साखरेत पावडर कालवली, दुधात सोडली, ढवळली. सगळं कारखान्यासारखं. चूक एवढीच झाली, की तिचा हात हजार लिटरच्या टाकीला सरावलेला. पातेलंभर दुधाला बोटांच्या टोकावर मावेल एवढी पुरली असती, तिने सढळ हाताने चमचाभर घातली. वर म्हणाली, "एवढीशीच तर लागते!"

दूध निवलं आणि रबर झालं. भावजयीने पातेलं ताटलीत उपडं केलं, तर अख्खा गोळा धप्पकन पडला आणि डुलत राहिला. तिने त्यावर सुरी आपटली.

"घ्या! चप्पल शिवायला द्या चांभाराकडे. हे घालत होतात भावाच्या पोटात?"

"अगं, प्रमाण चुकलं—"

"आज इथे चुकलं. तिथे कधी चुकत नाही कशावरून?"

भाऊ उठून बसला. शेवाळबाईने ताटली त्याच्याकडे सरकवली. त्याने मान हलवली. "ताई, मला नको."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ओट्याशी उभं राहून तिने तो अख्खा गोळा तोडतोडून खाल्ला. कोणी थांबवलं नाही.

सकाळी ती ठणठणीत होती, आणि तोऱ्यातही. "बघ, मेले का मी?"

"तुमचं पोट धडधाकट आहे, वन्सं," भावजय कणीक तिंबता तिंबता म्हणाली. "यांचं आहे का?"

शेवाळबाईने चपला पायात सरकवल्या. "चला, डॉक्टरांनाच विचारू." भावाला घेऊन दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, "पावडरीला परवानगी आहे, बहुतेकांना काही होत नाही. पण अशा आतड्यांचं खात्रीने सांगता येत नाही. काही महिने बंद ठेवा." आणि औषधही बदललं.

भावाला उतार पडला. भावजय म्हणाली, शेवाळ सुटलं म्हणून. शेवाळबाई म्हणाली, नव्या औषधाने. आतून मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. देवापुढे हात जोडले, की तेवढं एकच मनात येई: माझ्या हातून झालं नसू दे.

एका संध्याकाळी तिने साधं दूध तापवलं. साखर आणि वेलची, बाकी काही नाही. पेला भावापर्यंत जायच्या आत भावजयीने मध्येच घेतला.

"थांबा. आधी मी बघते."

तिने घोट घेतला, जिभेवर घोळवला, पेल्याच्या तळाशी चमचा फिरवून पाहिला. शेवाळबाईच्या ओठावर शिवी आली होती. पण पलंगावरून भावाने पेल्यासाठी हात पुढे केलेला तिला दिसला. तिने शिवी गिळली आणि भावजयीची खात्री पटेपर्यंत मुकाट्याने उभी राहिली.