एकवीस हालीची मोटर

फसली १३४५, बहमन महिन्याची आठ तारीख, शुक्रवार. इंग्रजी १९३५चा डिसेंबर चालू होता. मोटरीचं दिवसभराचं भाडं ठरलं होतं एकवीस रुपये हाली. मोटरीत माणसं सहा: मी, माझी थोरली मुलगी, तिला पाहायला आलेले मुलाचे वडील, मुलाची आई, मोटर हाकणारा आणि पुढच्या बैठकीवर एक म्हातारा वाटाड्या.

हाली म्हणजे आमच्या निजाम सरकारचा रुपया. इंग्रजी मुलखात कलदार चाले. सात हालीला सहा कलदार, असा साधारण भाव. औरंगाबादच्या कचेरीत मी अहलकार, म्हणजे कारकून, होतो. पगार अठ्ठेचाळीस हाली. एका दिवसाच्या मोटरीला मी त्यातले एकवीस काढले, यावरून माझी गरज किती होती ते कळावं.

मुलीला एकोणिसावं लागलं होतं. तीन स्थळं येऊन गेली होती. पहिली दोन पत्रिकेवर मोडली. तिसऱ्यांना शेजारच्यांनी सांगितलं की पोरीला दमा आहे. ते खरं होतं. सहाव्या वर्षापासून तिला दमा होता. थंडीत, धुरात, पाखडण-कांडणाच्या धुळीत छाती भरून यायची आणि श्वास शिट्टीसारखा वाजायचा. बाकी दिवस ती इतरांसारखीच. पण घरात तिच्या मागं आणखी दोघी होत्या, आणि थोरलीचं अडलं की धाकट्यांचं अडतं. म्हणून हे चौथं स्थळ आलं तेव्हा मी मुद्दाम लांबचं धरलं. जळगावकडची माणसं होती. मुलगा भुसावळला रेल्वेत होता. त्यांनी पत्रात विचारलं, मुलीची प्रकृती कशी? मी उत्तर लिहिलं, ‘मुलीस कसलाही आजार नाही.’ सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता. हे वाक्य मात्र एका दमात लिहिलं आणि शाई वाळायची वाट न पाहता घडी घातली.

मुलाला रजा नव्हती. आधी आईवडिलांनी येऊन पाहावं असं ठरलं. माझा बेत असा होता: पाहुण्यांना सकाळी मोटरीनं फिरवायचं. पाणचक्की, मकबरा, दौलताबाद खालूनच, मग वेरूळ, आणि दिवेलागणीला परत. तोवर घरी पुरणाचा स्वयंपाक व्हायचा, मुलगी विसावलेली राहायची, आणि संध्याकाळी बसल्या जागी पाहणं उरकायचं. चार पावलं चालून दाखव म्हणाले तर चार पावलांना तिला काही होत नव्हतं.

मोटर दाराशी आली. पाहुणे बसले. मुलाच्या आई मध्येच म्हणाल्या, “आणि मुलगी?”

“ती घरी. संध्याकाळी आहेच की कार्यक्रम.”

“अहो, घरात दिव्याखाली काय दिसतं? दिव्याखाली सगळ्याच पोरी गोऱ्या. घ्या तिला बरोबर. जागा आहे.”

माझी पत्नी उंबऱ्यात पिठाच्या हातानं उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी मोटरीचं दार धरून उभा राहिलो. मुलीनं मात्र पदर खोचला, शाल घेतली आणि ती येऊन बसली. तिला मोटरीत बसायची हौस होती. याआधी ती कधी बसली नव्हती.

पाणचक्की चांगली झाली. मकबऱ्याला मुलाचे वडील म्हणाले, “आमच्याकडं बायकोसाठी एवढं कुणी बांधत नाही.” वाटाड्या म्हणाला, “ये बीवी के वास्ते नहीं साहेब, माँ के वास्ते. बेट्यानं बांधलं.” तेव्हा मुलाच्या आई हसल्या, “मग बरोबर आहे. पत्र लिहा हो आपल्या चिरंजीवांना.” मुलगीही हसली. मोकळं हसली. मला वाटलं, जमतंय.

दौलताबादला मोटर उभी राहिली. मी म्हणालो, “हा किल्ला. खालूनच छान दिसतो. पुढं वेरूळला वेळ लागेल.”

मुलाच्या आई उतरल्या. धिप्पाड बाई, नऊवारीचा ओचा वर घेतलेला. त्यांनी डोंगराकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “इतकं आलो तर चढू या. सगळेच.”

“मुलीला सवय नाही,” मी म्हणालो.

“सवय लागेलच. आमच्याकडं नळ नाही, भाऊ. विहीर आहे, उतरती. चाळीस पायऱ्या. दिवसाच्या सहा खेपा. माझे गुडघे आता गेले. म्हणून तर सून पाहतोय. मुलगा भुसावळला राहील, सून आमच्यापाशी.”

त्या हे लपवून बोलल्या नाहीत. तोंडावर, सरळ सांगितलं. माझ्या डोक्यात आपोआप गुणाकार झाला. चाळीस गुणिले सहा, दोनशे चाळीस. तेवढ्या उतरायच्या आणि तेवढ्याच भरली घागर घेऊन चढायच्या. रोज. मी मुलीच्या जवळ गेलो आणि हळू विचारलं, “चढवंल का माय?”

“चढते ना बाबा,” ती म्हणाली. “सावकाश चढू.”

पहिल्या दरवाजापासून मी पायऱ्या आणि चढाव मोजायला लागलो. चांद मिनारापर्यंत काही झालं नाही. वाटाड्या तिथं बोलला ते चार मिनिटांत संपलं आणि तो पुढं निघाला. मी त्याला गाठलं.

“चाचा, जरा सावकाश. गोष्टी लांबवा थोड्या.”

“क्यूँ मुन्शीजी? वेरूळ जाना है बोले ना?”

“वेरूळचं राहू द्या.”

त्यानं मागं वळून मुलीकडं पाहिलं. ती मिनाराकडं बघायचं निमित्त करून उभी होती. खांदे वर-खाली होत होते. म्हातारा आयुष्यभर लोकांना हा डोंगर चढवत आला होता. कुणाचा श्वास कुठं अडकतो ते त्याला माझ्याहून जास्त कळत असावं.

“दम है बेटी को?”

“हळू बोला.”

“अच्छा,” एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर त्या माणसानं जी मेहनत घेतली ती मी विसरणार नाही. दर वळणाला तो थांबला. दरवाजावरचे खिळे हत्तीसाठी का, हे त्यानं हत्ती होऊन दाखवलं. चिनी महालापाशी सगळ्यांना सावलीत बसवलं आणि इथं कोण कोण कैदेत होतं, काय खात होतं, सगळं सांगितलं. मेंढा तोफेजवळ तर त्याची गोष्ट संपेचना. शेवटी मुलाचे वडील म्हणाले, “चाचा, एवढ्यात ही तोफ दहादा उडवून झाली असती.”

“साहेब, तोफ उडवायला वेळ लागत नाही. थंड व्हायला लागतो,” तो म्हणाला आणि पुन्हा सुरू झाला.

मुलगी त्या तोफेला टेकून बसली होती. गालांवर रंग नव्हता. ओठ मिटून नाकानं श्वास घेत होती, आवाज होऊ नये म्हणून. मुलाच्या आईनं तिला विचारलं, “थकलीस काय गं?”

“नाही.”

“स्वयंपाक किती माणसांचा करतेस?”

“आठ.”

“बोलत नाहीस फार.”

“सवय नाही.”

एकेका शब्दाचं उत्तर ती का देत होती ते मला कळत होतं. त्या बाईंना तो विनय वाटला. त्यांनी नवऱ्याकडं पाहून मान हलवली. पसंती होती ती. मला आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. ही बाई हो म्हणणार होती. हो म्हणाली की जूनमध्ये लग्न, आणि जूनपासून ती विहीर.

खंदकावरच्या पुलापाशी माझा आकडा तीनशेच्या पुढं गेला होता. पुढं अंधारी. डोंगराच्या पोटातून वर जाणारा काळाकुट्ट बोळ, वळणावळणाचा, शत्रूला चकवायला केलेला. वाटाड्यानं तेलाच्या चिंध्यांची मशाल काढली आणि पेटवण्याआधी थांबला.

“बाई लोगां इथंच बसा. अंदर धुवां होता है. वटवाघळं हैं.”

तो मला वाट काढून देत होता. मी लगेच म्हणालो, “हो, हो. बायकांनी बसावं.”

“धुराला काय भ्यायचं?” मुलाच्या आई म्हणाल्या. “चूल काय धुराशिवाय पेटते? चल गं पोरी.” त्यांनी तिचा हात धरला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. मनात म्हणालो, आणखी थोडं, शंभर-दीडशे पावलं, मग वर मोकळी हवा. आम्ही आत गेलो. पुढं मशाल, मागं तिचा धूर. छत खाली, हवा कोंदट, पायाखाली ओलं. त्या बोळात कुजबुजलं तरी घुमतं. पंचवीस-तीस पायऱ्या झाल्या असतील. मग तो आवाज सुरू झाला. घरी रात्री भिंतीपलीकडून मी तो तेरा वर्षं ऐकला होता. इथं तो चारी बाजूंनी येत होता.

मुलाच्या आई थांबल्या. “हे काय वाजतंय हो?”

पुढून वाटाड्या म्हणाला, “हवा है बाईसाहेब. किले की हवा. दगड में छेद हैं, उस में से आती.”

“अशी?”

“हौ. थंडी में जादा आती.”

तो माझ्यासाठी खोटं बोलला. किल्ल्याची एवढी खरी माहिती सांगणारा माणूस, माझ्या मुलीला फक्त त्या सकाळपासून ओळखणारा. मशालीच्या उजेडात मी तिचा चेहरा पाहिला. डोळे मोठे झाले होते. तिनं एक हात भिंतीला लावला होता, दुसरा अजून त्या बाईंच्या हातात होता, आणि ती श्वास रोखून धरत होती. वाजू नये म्हणून पोर श्वासच घेत नव्हती.

“हवा नाही,” मी म्हणालो. “माझ्या मुलीचा श्वास आहे तो. तिला दमा आहे. सहाव्या वर्षापासून. पत्रात मी खोटं लिहिलं. चाचा, ती मशाल विझवा.”

म्हाताऱ्यानं मशाल खाली टाकून पायानं चेंगरली. काळोख झाला. काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. तिनं रोखलेला श्वास सोडला आणि तो आता बिनधास्त वाजायला लागला. वाटाड्या आमच्याजवळून चाचपडत खाली आला आणि म्हणाला, “मेरा हात पकडो. मला वाट पाठ आहे.” त्याच्या मागं आम्ही साखळी करून उतरलो. मुलाच्या आईनं मुलीचा हात सोडला नव्हता. हे मला बाहेर उजेडात आल्यावर दिसलं.

पुलाजवळच्या पायरीवर आम्ही एक तास बसलो. मी वैद्याची पुडी मधाशिवायच दिली. मध घरी राहिला होता. मुलाच्या आई तिची पाठ चोळत होत्या. “आधी सांगितलं असतंत भाऊ, तर मी हिला एक पायरी चढवली नसती,” त्या म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मुलाचे वडील लांब उभे राहून खंदकातलं पाणी पाहत होते.

श्वास थोडा बसल्यावर मुलगी माझ्याकडं वळली. तिचा आवाज फाटका येत होता.

“बाबा, थोडं थांबायचं होतं तुम्ही. पोचले असते मी.”

“माय, विहीर ऐकलीस ना तू?”

“ऐकली.” मग शाल आवळून घेत, “तिथं पण पोचले असते. कशीतरी.”

तिच्यासाठी खरं बोललो असं मला वाटत होतं, आणि तिला वाटत होतं की तिचं दार मीच लावलं. आजही या दोन्हींतलं कुठलं बरोबर, हे मला मांडता येत नाही.

वेरूळ झालं नाही. मोटर परत फिरली. वाटेत एकदा वाटाड्यानं एका टेकडीकडं बोट केलं, तोंड उघडलं आणि मिटलं. गावाशी आल्यावर मुलाचे वडील मोटरवाल्याला म्हणाले, “आम्हाला परभारे टेशनावर सोड.”

“घरी स्वयंपाक झाला आहे,” मी म्हणालो. “दोन घास तरी.”

“गाडी चुकेल.” गाडीला चार तास होते.

स्टेशनावर त्यांनी खिशातून पिशवी काढली आणि मोटरीच्या चाकावरच्या पंख्यावर नऊ रुपये कलदार मांडले, एकावर एक. एकवीस हालीचे अठरा कलदार, अर्धे नऊ. त्यांनी वाटेतच हिशेब करून ठेवला होता. मुलीकडच्यानं पाहुण्यांना फिरवायचं आणि पाहुण्यांनी फिरायचं, ही रीत. पाहुण्यानं आपला अर्धा वाटा टाकला की बोलणं संपलं. आमच्याकडं हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

“हे नको,” मी म्हणालो. “मी बोलावलं होतं.”

“असू द्या. आम्हीही पाहिलंच की,” ते म्हणाले. ते नजर देत नव्हते.

मुलाच्या आईनं मुलीच्या खांद्यावरची शाल नीट केली आणि त्या फलाटाकडं निघाल्या. मागं वळल्या नाहीत.

मोटरवाला पैशाकडं पाहत होता. मी ते उचलेना, तेव्हा मुलीनं उचलले आणि त्याच्या हातावर ठेवले. उरलेले साडेदहा हाली मी दिले. भाडं दिवसभराचं ठरलं असूनही किल्ल्यावर तासभर जास्त थांबल्याचा एक रुपया त्यानं मागितला, तोही दिला. वाटाड्याचे दोन ठरले होते, ते त्यानं मान खाली घालून घेतले.